लेकराले नोटीस

माझ्या बायकोच्या आत्याच्या आयुष्यातून न सांगता निघून जाणं आजवर कुणालाही जमलेलं नाही. पाहुण्याला नाही, भाडेकरूला नाही, दूधवाल्याला नाही. तिच्याकडे जेवायला आलेला माणूस हात धुताना "बरं, निघतो आता" म्हणाला की ती त्याला पुन्हा खाली बसवते, कारण तिच्या मते ही गोष्ट त्यानं पहिल्या घासाच्या आधी सांगायला हवी होती. दूध पाणचट यायला लागलं तेव्हा तिनं दूधवाल्याला काढलं, पण पुढच्या महिन्यापासून. तोवर रोज सकाळी "तुहे आता इतके दिवस राह्यले" अशी त्याला आठवण देत ती तेच पाणी प्यायली. शेवटच्या आठवड्यात दूध एकाएकी दाट झालं, तरी उपयोग झाला नाही, कारण दिलेली नोटीस मागे घेण्याची सोय तिच्या कायद्यात नाही. तिचे यजमान बराच काळ अंथरुणाला खिळून मग गेले. भेटायला आलेल्यांना ती सांगे, "माणूस कायद्याचा होता. पुरी नोटीस देऊन गेला." हे ऐकून मान खाली घालावी की हसू दाबावं हे न कळल्यामुळे लोक चहा मागत. न सांगता जाण्याचा गंभीर प्रयत्न माझ्या माहितीत फक्त एका कुटुंबानं केला. त्यात आत्याचं पाळणाघर बंद पडायची वेळ आली होती, आणि आम्ही तिच्या समोरच्याच घरात राहत असल्यामुळे मी साक्षीदार म्हणून नको तितका जवळ उभा होतो.

हा कायदा तिनं उकव्याहून आणला. तिथल्या मँगनीजच्या खाणीत तिचे यजमान फिटर होते, आणि खाणीत राबणाऱ्या बायांच्या मुलांसाठी जे शिशुघर होतं तिथं आत्या आया होती. भोंगा झाला की बाया मुलं तिच्या हवाली करून पाळीवर जायच्या. काही जणी मुलाच्या तळहातावर साखर ठेवून, त्याची नजर चुकवून पळायच्या. काही जणी उंबऱ्यात बसून सांगायच्या, "मी कामाले जाऊन राह्यली, दुसऱ्या भोंग्याले येतो." सांगून गेलेल्यांची मुलं आधी जोरात रडायची आणि मग जेवायची. साखर मिळालेली मुलं रडायची नाहीत. ती दिवसभर दाराकडे बघत बसायची. हा सगळा आत्याचा दावा. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे एकाच साक्षीदारावर विश्वास ठेवायची मला सवय नाही, पण दुसरी बाजू मांडायला त्या शिशुघरातलं कुणी मला कधी भेटलं नाही.

बालाघाटात घर बांधल्यावर आत्यानं ओसरीवर पाळणाघर काढलं. मुलं सहा-सात, पण थाट अख्ख्या खाणीचा. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तसबिरीखाली घड्याळ, घड्याळाखाली आत्या. सकाळी शिट्टी वाजते, हाजरी होते, दुपारची झोप ही 'दुसरी पाळी' असते आणि ज्याला झोप येत नाही तो 'लेऑफ'वर जाऊन कोपऱ्यात चित्रं काढतो. मूल घ्यायला उशीर करणाऱ्या आईबापांना ओव्हरटाइम लागतो, मात्र पैशात नाही. सूप मांडीवर घेऊन दुसऱ्या दिवशीच्या खिचडीच्या तांदळातले खडे वेचायला बसावं लागतं. एका बँक अधिकाऱ्याला मी गळ्यात टाय असताना चिन्नोर तांदूळ निवडताना पाहिलं आहे. खातेदारांनी पाहिलं असतं तर बँकेवरचा विश्वास वाढला असता.

या सगळ्याच्या मुळाशी एक ॲग्रीमेंट आहे, आणि ते माझ्या अक्षरात आहे. आत्या सांगणार, मी लिहिणार असं ठरलं. "जवाईबापू, तुमी शिकेल माणूस, म्हनून बलावलं," ती म्हणाली, "पन माह्या शब्दाईले इस्त्री करू नका." मी पहिल्याच ओळीत 'सूचना' असा शब्द घातला. ती म्हणाली, "सूचना त माही सासूबी देत होती. नोटीस लिवा." मग पुढचं सगळं मी तिच्या तोंडचं जसंच्या तसं उतरवलं. त्यातलं मुख्य कलम असं होतं: 'लेकराले काढाच्या आधी एक महिन्याची नोटीस द्यावं लागन.' कित्येक पालक त्याखाली सही करत आले, आणि सगळ्यांनी, माझ्यासकट, त्याचा एकच अर्थ लावला: मूल पाळणाघरातून काढायचं असेल तर आत्याला महिनाभर आधी कळवा. आमच्या बोलीतल्या त्या 'ले'कडे कुणी नीट पाहिलंच नाही. बिचारा द्वितीयेलाही राबतो आणि चतुर्थीलाही. आत्याच्या मनात तो चतुर्थीत होता.

हे उघडकीला आलं ते अन्वीच्या वेळी. अन्वी चौथ्या वर्षात होती आणि चालायला शिकली ती आत्याच्या ओसरीवरच. तिची आई लांजीची, नवऱ्याशी हिंदीत आणि आत्याशी मराठीत बोलणारी, कुणाशीच फार न बोलणारी. वडील एका खासगी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. 'मोठ्या' हा त्यांचाच शब्द. त्यांची जबलपूरला बदली झाली होती आणि रविवारी सकाळी निघायचं होतं. आदल्या बुधवारी संध्याकाळी ते बायकोला घेऊन आत्याकडे आले, मुलं आत खेळत आहेत याची खात्री करून घेतली आणि खाटेवर एक पाकीट ठेवलं.

"आत्याजी, नोटीस के बदले पूरे महीने की फीस," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "फुल अँड फायनल."

आत्यानं पाकिटाकडे पाहिलंही नाही. "पोट्टीले सांगतलं?"

"उसे क्यों बताना? रोएगी. इतवार को सीधे गाड़ी में बिठा देंगे. बच्चे हैं, दो दिन में भूल जाते हैं."

"मंग नोटीसच नाई झाली."

"मैं आपको दे तो रहा हूँ नोटीस."

"मले कायची नोटीस?" आत्या म्हणाली. "मी का चाललो जबलपूरले?"

मग तिनं गल्ली ओलांडेल असा आवाज दिला आणि मला बोलावून घेतलं. ॲग्रीमेंट माझ्या हातात देऊन म्हणाली, "वाचा, जवाईबापू. साहेबाईले वाचून दाखवा." मी वाचलं. त्या माणसानं कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः वाचला आणि म्हणाला की याचा अर्थ सरळ आहे, बच्चे को निकालने से पहले. आत्या म्हणाली की अर्थ सरळच आहे, लेकराले नोटीस. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या 'ले'कडे पाहिलं आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की दोघंही बरोबर आहेत. मी तसं म्हणालो, विभक्तीसकट समजावून सांगितलं. व्याकरणानं भांडण मिटल्याचं इतिहासात उदाहरण नाही. इथेही मिटलं नाही.

त्यांना वाटलं, बाईला जास्त पैसे हवेत. त्यांनी खिशातून आणखी काही नोटा काढून पाकिटावर ठेवल्या. आत्या खाटेवरून उठून उभी राहिली, जसं काही खाट तापली आहे. "उचला थे," ती म्हणाली. त्यांनी पैसे उचलले नाहीत. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. बदली, घरसामान, नवीन शहरात घर, हे सगळं त्यांच्या डोक्यावर होतं आणि वर ही म्हातारी त्यांना त्यांच्याच मुलीबद्दल कायदा शिकवत होती. असा माणूस आवाज चढवत नाही, जास्त हळू बोलतो.

"आपका रजिस्ट्रेशन कहाँ है?" त्यांनी विचारलं. "कोई लायसन? मैं एक दरख्वास्त डाल दूँ तो कल से ये सब बंद हो जाएगा. पता है ना आपको?"

असा काही कागद आत्याकडे नाही, हे मला माहीत होतं आणि तिलाही. यजमानांच्या मागे येणारं पेन्शन एका माणसाच्या औषधालाही पुरत नाही. शिवाय आत खेळणाऱ्या मुलांच्या आया, एक सरकारी दवाखान्यात नर्स, एक बाजारात भाजी विकणारी, एक लालबर्ऱ्याच्या शाळेत रोज बसनं जाणारी, त्या उद्या सकाळी मुलं कुठे ठेवणार होत्या? मी आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. एका वाक्यात सगळं वाचलं असतं. 'घेऊन जा, बाबू, तुमची पोरगी' एवढं म्हणायचं होतं, आणि मी मनातल्या मनात तिला ते म्हणायला सांगत होतो.

"करा दरख्वास्त," ती म्हणाली. "पन या बाकी लेकराईच्या मायाईले आधी सांगा. त्याईलेबी महिनाभर पाहिजे."

तेवढ्यात दारात अन्वी दिसली. एका पायात चप्पल, दुसरी हातात. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. "जबलपुर कौन जा रहा है?" तिनं विचारलं.

"कोई नहीं, बेटा," वडील पटकन म्हणाले. "कोई नहीं जा रहा."

आत्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. ती सांगू शकली असती. सांगेलच असं मला वाटलं आणि मी घाबरून तिच्या हाताला धरायला पुढे सरलो, पण ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पुढे एकदा मी तिला विचारलं, तेव्हा सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "नोटीस मालकानं द्याची असते. आयानं देल्ली त थे चुगली होते."

अन्वी एकेकाचं तोंड पाहत होती. बापाचं, माझं, आत्याच्या पाठीचं. शेवटी तिनं आईकडे पाहिलं. ती बाई इतका वेळ खांबाला टेकून उभी होती. नवऱ्यानं तिला डोळ्यांनी 'नको' म्हटलं, ते मला दिसलं म्हणजे तिलाही दिसलं असणार. ती खाली बसली, मुलीच्या हातातली चप्पल घेऊन तिच्या पायात घातली आणि चपलेचा पट्टा लावता लावता म्हणाली, "हम जा रहे हैं, बेटा. तू, मैं और पापा. आत्या इधरच रहेगी."

पुढचं वर्णन करण्यात अर्थ नाही. मूल रडतं तेव्हा रडतं. ही रडली ती अशी की आतली बाकीची मुलंही, त्यांना कुठेच जायचं नसताना, रडायला लागली.

"देख लिया?" वडील म्हणाले. "यही चाहिए था आपको?"

"रडू द्या," आत्या म्हणाली. "नोटीस पिरेड रड्याचाच त असते."

ते गाडीत जाऊन बसले. पाकीट खाटेवरच राहिलं होतं. ते आत्यानं अन्वीच्या आईच्या पिशवीत कोंबलं. महिना मिळणार नव्हता हे तिलाही कळत होतं, तरी तिनं सौदा केलाच. "सोमवार?" "नाई आत्या, रविवारच." "सांजच्याले?" "सकाळी जा लागते." "मंग सकाळी इथून जा. घरून नाई." आईनं मान हलवली. दरख्वास्तीचं काय, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

ते चार दिवस मी वर्तमानपत्र दारात उभा राहून वाचलं. गल्लीत जीप थांबली की मी तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घ्यायचो. शुक्रवारी खरोखरच एक माणूस बगलेत फाईल मारून आत्याचं घर विचारत आला. आत्यानं शिट्टी कनवटीला खोचली, मुलांना आतल्या खोलीत बसवलं, त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि तो विचारील त्याला इतक्या नरमाईनं उत्तरं दिली की त्याला संशय यायला लागला. तो नळांची मोजणी करत होता. इतक्या आदरानं वागणाऱ्या बाईनं एखादा नळ नक्की लपवला असणार अशी खात्री पटून त्यानं मोरी दोनदा तपासली.

इकडे अन्वीची नोटीस सुरू झाली होती. आत्यानं तिला हाताला धरून रोज थोड्या थोड्या गावाला 'मी जाणार' असं सांगायला नेलं. पहिल्या दिवशी हातपंप आणि पेरूचं झाड, दुसऱ्या दिवशी शेजारची शेळी आणि किराणावाला. माझीही पाळी आली. माझ्या टेबलापाशी उभी राहून अन्वी म्हणाली, "मैं जबलपुर जा रही. आप नहीं आ रहे." मी म्हणालो, बरं. इतका स्वच्छ मजकूर मी आमच्या कॉलेजच्या कुठल्याही परिपत्रकात वाचलेला नाही.

पण हे सगळं काही गोड चाललं नव्हतं. हातपंपापाशी ती रडली. शेळीपाशी तिनं लाथा झाडल्या. शुक्रवारी दुपारी तिनं खिचडीची ताटली फेकली आणि आत्याच्या हाताचा चावा घेतला. त्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा आत्या ओसरीवरची शितं वेचत होती आणि मनगटावर दातांचे ठसे होते. मला वाटलं, बाप बरोबर होता. उगाच दोन दिवस पोरीचे हाल केले. मी ते बोललो नाही, पण माझा चेहरा वाचायला तिला ॲग्रीमेंट लागत नाही. "तुमालेबी वाटते का, मी चुकलो म्हनून?" तिनं विचारलं. मी म्हणालो, मला सांगता येत नाही. "मलेबी नाई सांगता येत," ती म्हणाली आणि पुन्हा शितं वेचायला लागली. एवढी कबुली मी तिच्या तोंडून आधीही ऐकली नव्हती आणि नंतरही ऐकली नाही.

शनिवारी ती अन्वीला निघताना काय म्हणायचं ते शिकवत होती. "म्हन, आत्या, मी जातो." आमच्याकडे बायकाही 'जातो'च म्हणतात, त्यात नवल नाही. नवल वेगळंच होतं, आणि शेजारच्या काकूंनी ते कुंपणावरूनच हेरलं. "आत्याबाई, काहून लेकराच्या तोंडून 'जातो' वदवता? कोनी म्हनते का असं? 'येतो' म्हनाव तिले." खरंच होतं ते. घरातून कायमचा निघालेला माणूसही आपल्याकडे 'येतो' म्हणतो. 'जातो' शब्द उंबऱ्यावर कुणी उच्चारत नाही. आत्या म्हणाली, "येतो म्हनन त आलं पाहिजे. येनार हाये का थे? मंग लेकराले लबाड बोलाले काहून शिकवू?" काकू कानावर हात ठेवून आत गेल्या. ओसरीवर तालीम चालू राहिली, आणि अन्वीला तो शब्द इतका आवडला की ती शेळीकडे जाऊनही म्हणून आली.

रविवारी सकाळी गाडी आली. टपावर गादी बांधलेली होती. अन्वीच्या वडिलांनी पाकीट पुन्हा पुढे केलं. आत्यानं ते उघडलं, मुलगी जितके दिवस आली तितक्यांचे पैसे काढून घेतले आणि बाकीचे परत दिले. "रख लीजिए, नोटीस का पैसा है," ते म्हणाले. "बदल्यात पैसे खदान देत होती, बाबू," ती म्हणाली. "मी काई खदान नोहो." त्यांनी पाकीट खिशात ठेवलं. ठेवायला बराच वेळ लागला. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "दरख्वास्त नहीं डाली मैंने."

"मले ठाऊक हाये," आत्या म्हणाली. "टाकली असती त सांगतलं असतं तुमी."

यावर त्यांनी काय केलं असेल, तर वाकून तिच्या पायांना हात लावला. घाईघाईत, कुणी पाहू नये असा. आई मात्र पायाशी बराच वेळ वाकून राहिली.

अन्वीचे केस घट्ट बांधलेले होते. ती रडत नव्हती. फाटकाशी येऊन पाय जुळवून उभी राहिली आणि पाठ केलेल्या कवितेच्या सुरात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आत्या, मी जातो."

आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हौ बाई," ती म्हणाली. "ये."

गाडी वळेपर्यंत ती फाटकाला धरून उभी होती. मी ऐकलं हे तिला कळलं होतं, म्हणून माझ्याकडे न बघता आत गेली आणि वेळ झालेली नसताना शिट्टी वाजवली. रविवार होता, आत एकही मूल नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्या नर्सबाईंची एक मैत्रीण आपल्या लहान मुलाला घेऊन आली. तिची ड्यूटी सुरू झाली होती, मूल ठेवायला दुसरी सोय नव्हती, आणि आत्याला तर पैशाची गरज होतीच. आत्यानं मुलाचे गाल कुरवाळले, नाव विचारलं, खाऊ दिला आणि जागा नाही म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यापासून घेते म्हणाली. ती बाई गेल्यावर मी भिंतीजवळच्या अन्वीच्या रिकाम्या सतरंजीकडे बोट दाखवलं. "जागा तर आहे, आत्या."

"महिना पुरा व्हाचा हाये अजून," ती म्हणाली.

ॲग्रीमेंट माझ्याच अक्षरात आहे. कुणाचा महिना, असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. सूप ओढून घेतलं आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडत बसलो.